विश्लेषण : बसस्थानक बाजाराजवळ हवे की गावाबाहेर? दुकानदार आणि प्रवाशांचा वाद नेमका कशावर अडतो?

शहरातले बसस्थानक नव्याने बांधायचे ठरले, की पहिला प्रश्न जागेचा येतो. आहे तिथेच मोठे करायचे, शेजारच्या बाजारात सरकवायचे की थेट महामार्गावर न्यायचे? प्रवासी म्हणतात, बाजाराजवळ ठेवा. दुकानदारांपैकी काहींना गर्दी हवी असते, पण कोंडी नको असते. काहींना तर बांधकामाचीच धास्ती असते. सोलापूरसारख्या शहरात हा विषय जास्त नाजूक आहे. इथला बाजार अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, पंढरपूर, तुळजापूर इथून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालतो आणि त्यातले बरेच जण एसटीने येतात. पुणे, ठाणे आणि हैदराबादेत अशा प्रकल्पांचे काय झाले आणि दुकानदाराच्या हातात कायद्याने काय आहे, याचा हा आढावा.

वाद आताच का वाढतो आहे?

यामागे तीन कारणे आहेत. पहिले, एसटीची गर्दी वाढली. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास मिळू लागला, तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवासाची सवलत सुरू झाली. लग्नाचा बस्ता, सराफाकडची खरेदी, दवाखाना अशा कामांसाठी तालुक्याच्या गावातून शहरात येणे महिलांना सोपे झाले.

दुसरे, ई-बस. केंद्र सरकारने १६ ऑगस्ट २०२३ रोजी ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेला मंजुरी दिली. तिचा एकूण खर्च ५७,६१३ कोटी रुपये आणि उद्दिष्ट १० हजार बसचे आहे. तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी असलेल्या या योजनेत सोलापूरचाही समावेश आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८ होती. ई-बस आली की चार्जिंगची जागा, आगार आणि थांबे लागतात. म्हणजे पुन्हा जागेचाच प्रश्न.

तिसरे कारण एसटीच्या जमिनी. बसस्थानके खासगी भागीदारीतून बांधायची, खाली फलाट आणि वर व्यापारी संकुल करायचे, हे धोरण राज्यात बरीच वर्षे आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या जमिनींच्या भाडेपट्ट्याची मुदत ४९ अधिक ४९, अशी एकूण ९८ वर्षांपर्यंत वाढवली. इतक्या लांब मुदतीमुळे विकासकाचा रस वाढतो. त्याच वेळी स्थानकाबाहेरच्या जुन्या दुकानदाराला नव्या संकुलातली स्पर्धा दिसू लागते.

प्रवाशांचे म्हणणे काय?

प्रवाशाला एसटीतून उतरून कुठेतरी जायचे असते. सोलापुरात उतरणारा माणूस नवी पेठेत, टिळक चौकात, मंगळवार पेठेत, दवाखान्यात, न्यायालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात निघालेला असतो. स्थानक बाजाराजवळ असेल तर यातली निम्मी कामे पायी होतात.

स्थानक शहराबाहेर गेले तर एसटीचे तिकीट बदलत नाही, पण त्यावर रिक्षा वाढते. समजा, रिक्षाला एका खेपेचे ६० रुपये पडले. जाऊन-येऊन १२० झाले. जवळच्या तालुक्यातून अर्ध्या तिकिटात आलेल्या बाईची सवलतीत झालेली बचत त्या रिक्षात जाते. शहराची सिटी बस धड चालत असेल तर हा भार हलका होतो. सोलापूरचा या बाबतीतला अनुभव कडवट आहे. जेएनएनयूआरएम योजनेतून महापालिका परिवहनला मिळालेल्या बसपैकी अनेकांच्या चेसिसला तडे गेले, गाड्या आगारात उभ्या राहिल्या आणि शहराची भिस्त शेअर रिक्षांवर आली. म्हणून ‘स्थानक बाहेर न्या, सिटी बस जोडून देऊ’ या आश्वासनावर इथले लोक पटकन विश्वास ठेवत नाहीत.

दुकानदारांना भीती कशाची?

‘व्यापाऱ्यांचा विरोध’ असे एका शब्दात म्हटले जाते, पण तो एकजिनसी नसतो. चहा-नाश्ता, फळे, मिठाई, मोबाइल, चपला आणि लॉजवाल्यांचा धंदा स्थानकावरच चालतो. स्थानक हलवू नका, अशी त्यांची मागणी असते. फर्निचर, हार्डवेअर, घाऊक किराणा किंवा कापडाच्या पेढ्यांना टेम्पो उभा करायला जागा लागते. बसची रांग दारात आली की माल उतरवणे अवघड होते, त्यामुळे स्थानक लांब गेलेले त्यांना चालते. एकाच गल्लीत, एकाच व्यापारी संघटनेत ही दोन्ही मते असतात.

दोन्ही गटांना मान्य असलेली भीती मात्र एकच आहे : बांधकामाचा काळ. पत्रे ठोकले, रस्ता एकेरी झाला, धूळ उडू लागली की गिऱ्हाईक दुसऱ्या पेठेत जाते. परत येईलच, याची खात्री नसते.

हे नुकसान किती मोठे असते, ते एका काल्पनिक हिशेबातून पाहू. एका छोट्या दुकानाची महिन्याची विक्री ३ लाख रुपये आणि त्यावर सुटणारा नफा १५ टक्के, म्हणजे ४५ हजार. त्यातून भाडे १२ हजार, कामगाराचा पगार १५ हजार आणि वीज ३ हजार, असे ३० हजार गेले. घरी न्यायला १५ हजार उरले. आता विक्री ३० टक्क्यांनी घटली, तर ती २ लाख १० हजार होते आणि नफा ३१ हजार ५००. खर्च तेवढाच, ३० हजार. घरी उरतात दीड हजार रुपये. विक्री ३० टक्क्यांनी कमी झाली, पण घरची कमाई ९० टक्क्यांनी. ‘थोडे दिवस कळ सोसा’ हे वाक्य दुकानदाराला का झोंबते, ते या आकड्यांत आहे. थोडे दिवस म्हणजे दोन वर्षे असतील, तर कामगार आधी जातो, मग दुकान.

पुण्यात काय झाले?

सोलापूरकरांना जवळचे उदाहरण पुण्याच्या शिवाजीनगरचे. तिथल्या जुन्या एसटी स्थानकाच्या जागेत भुयारी मेट्रो स्थानक करायचे होते. त्यासाठी २०१९ च्या अखेरीस एसटी स्थानक वाकडेवाडीला, दुग्धविकास विभागाच्या जागेत हलवण्यात आले. व्यवस्था तात्पुरती होती. मेट्रोचे काम झाले की स्थानक मूळ जागी परत येणार होते.

शिवाजीनगरची मेट्रो १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाली. एसटी मात्र तेव्हाही वाकडेवाडीतूनच सुटत होती. जमिनीखालचे काम संपले होते. जमिनीवरचे स्थानक आणि संकुल कोणी, कोणत्या पैशातून बांधायचे, हा एसटी महामंडळ आणि महामेट्रो यांच्यातला प्रश्न शिल्लक राहिला. मेट्रो आणि एसटी एका छपराखाली आणण्यासाठी सुरू झालेल्या कामात मेट्रो आली आणि एसटीच लांब गेली. जुन्या स्थानकाभोवती ज्यांचा धंदा प्रवाशांवर होता, त्यांची काही वर्षे गेली.

धडा सरळ आहे. स्थलांतराचा आदेश निघतो, तेव्हा परतीची तारीख, परतीचा खर्च आणि जबाबदार संस्था हे तिन्ही त्याच कागदावर लागतात. दोन सरकारी संस्था एकत्र काम करणार असतील तर जास्तच.

पुण्यातच स्वारगेटला वेगळे चित्र आहे. तिथली भुयारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली. सोलापूरहून एसटीने स्वारगेटला उतरणाऱ्याला आता तिथूनच मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत जाता येते आणि पुढे पिंपरी, वनाज किंवा रामवाडीची गाडी पकडता येते. तिथे एसटी आपल्या जागेवर राहिली आणि नवे साधन तिच्याजवळ आले. जुन्याला न हलवता नवे जोडता आले, तर वादाचे निम्मे मुद्दे उरत नाहीत.

हैदराबाद आणि ठाण्याचा अनुभव काय सांगतो?

सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली समाजाचे हैदराबादशी जुने नाते आहे. त्यामुळे सुलतान बाजार हे नाव इथे अनेकांच्या ओळखीचे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी दुकाने आणि वरून मेट्रोचा पूल. तिथल्या व्यापाऱ्यांनी या मार्गाला काही वर्षे विरोध केला. बाजाराची ओळख जाईल, दुकाने तुटतील, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर ज्युबिली बस स्टेशन ते महात्मा गांधी बस स्टेशन हा सुमारे ११ किलोमीटरचा मार्ग ७ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाला आणि त्यावर सुलतान बाजार नावाचे स्थानकही झाले. या मार्गाची दोन्ही टोके मोठ्या बसस्थानकांना जोडलेली आहेत. सोलापूरकर ज्याला इमलीबन म्हणतात, त्या स्थानकात उतरणाऱ्याला बाजाराच्या दारात जाता येते. पण त्याआधीचा वाद आणि बांधकामाचा काळ व्यापाऱ्यांनी सोसला, हेही खरे.

ठाण्याने जागेच्या टंचाईवर वेगळा उपाय केला. रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला बाजार, फेरीवाले, रिक्षा, बस सगळे एकाच पट्ट्यात अडकले होते. तिथे ‘सॅटिस’ नावाने उन्नत मार्ग बांधून बस वर नेल्या आणि खालची जागा रिक्षा व पादचाऱ्यांसाठी मोकळी केली. बस रेल्वे पुलाच्या पातळीवर आल्याने प्रवाशांची सोय झाली. खालची गर्दी मात्र पूर्ण हटली नाही. फेरीवाल्यांची जागा ठरवल्याशिवाय पूल बांधून प्रश्न सुटत नाही, हे तिथे दिसते.

स्थानकामुळे धंदा खरेच वाढतो का?

पुन्हा एक साधा हिशेब मांडू. एका स्थानकाला २० फलाट आहेत आणि प्रत्येक बस फलाटावर १२ मिनिटे थांबते. म्हणजे एका फलाटावर तासाला पाच, एकूण १०० बस. प्रत्येकीतून सरासरी ३० माणसे उतरली तर तासाला ३ हजार. त्यातल्या शंभरात दहा जणांनी ५० रुपयांची खरेदी केली, तरी तासाला १५ हजार रुपये आसपासच्या दुकानांत पडतात. पण हा पैसा स्थानकाच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरात पडतो. दार कोणत्या रस्त्यावर उघडते, यावर कोणती गल्ली उजळणार हे ठरते. म्हणून आराखड्यात दुकानदारांनी आधी दारे पाहावीत आणि मग मजले.

दुसरा मुद्दा गिऱ्हाईक कसे येते याच्या अंदाजाचा. बर्लिनमधील कोट्टबुसर डाम आणि हर्मानस्ट्रास या दोन बाजाररस्त्यांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुकानदारांना विचारले, तुमची किती गिऱ्हाइके मोटारीने येतात? त्यांचा अंदाज २१.६ टक्के होता. गिऱ्हाइकांना विचारल्यावर आकडा निघाला ६.६ टक्के. बहुसंख्य लोक पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने येत होते. जे दुकानदार स्वतः मोटारीने येत, त्यांना गिऱ्हाईकही मोटारीनेच येते असे वाटण्याकडे कल होता.

बर्लिन म्हणजे सोलापूर नव्हे. इथे दुचाकीचा वाटा मोठा आहे, उन्हाळा कडक आहे आणि पदपथ मालाने भरलेले असतात. त्यामुळे तिथला आकडा इथे लावता येणार नाही. पण अंदाज आणि मोजणी यात अंतर पडू शकते, एवढे त्यातून नक्की कळते. प्रशासनाने आणि व्यापारी संघटनेने मिळून एका बाजारदिवशी आणि एका साध्या दिवशी दुकानांत येणाऱ्यांना ‘कसे आलात, कुठून आलात’ एवढे दोन प्रश्न विचारले, तर बैठकीतला अर्धा आवाज कमी होईल.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

इथे दुकानदारांत चार प्रकार पडतात आणि प्रत्येकाचा हक्क वेगळा आहे.

१) मालक : जमीन संपादित होत असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो. त्यात मोबदला आणि पुनर्वसन, दोन्हींची तरतूद आहे. ‘बाधित कुटुंबा’च्या व्याख्येत जमीन नसलेले, पण त्या भागात संपादनाआधी तीन वर्षे काम करून उपजीविका करणारे लोकही येऊ शकतात. हा मोबदला संपादनाशी जोडलेला आहे. जमीन घेतलीच नाही आणि फक्त समोरचा रस्ता दोन वर्षे बंद ठेवला, तर त्या नुकसानीचा हिशेब या कायद्यात बसत नाही.

२) खासगी जागेतला भाडेकरू : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याला संरक्षण देतो. पागडी देऊन घेतलेली जुनी दुकाने यात येतात.

३) महापालिकेचा किंवा एसटीचा गाळेधारक : सरकारी आणि महापालिकेच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही. महापालिका अधिनियमातील कलम ७९ नुसार मालमत्ता बाजारभावापेक्षा कमी दराने देता येत नाही. त्यामुळे मुदत संपली की फेरलिलावाची टांगती तलवार राहते. एसटी स्थानकातील स्टॉल तर बहुधा परवान्यावर असतात. भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो, परवान्याने फक्त वापराची मुभा मिळते. हा फरक करारनाम्याच्या पहिल्या पानावर असतो आणि तो वाद पेटण्याआधी वाचलेला बरा.

४) फेरीवाला : २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला स्थान दिले आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला हटवता येत नाही आणि हलवायचे असल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. वर्षानुवर्षे बाजार भरतो त्या ‘नैसर्गिक बाजारा’चा विचार करणेही बंधनकारक आहे.

याशिवाय विकास आराखड्यातील आरक्षण बदलून स्थानक करायचे असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्यातील कलम ३७ नुसार नोटीस काढून एक महिन्याच्या मुदतीत हरकती मागवाव्या लागतात. अनेकदा व्यापाऱ्यांचा मोर्चा ही मुदत संपल्यावर निघतो. हरकत लेखी आणि वेळेत दिली, तरच तिची सुनावणी होते.

बांधकामकाळातील नुकसान कोणी भरायचे?

अमेरिकेतील लॉस एंजेलिसमध्ये मेट्रोचे काम सुरू असताना बाधित छोट्या दुकानांसाठी वेगळा निधी ठेवला गेला. २५ पर्यंत कर्मचारी असलेल्या व्यवसायाला हिशेब तपासून वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत मदत देण्याची त्यात सोय आहे. एवढी रक्कम आपल्याकडे शक्य नाही, हे उघड आहे. तत्त्व मात्र उचलता येते. ज्या प्रकल्पाचा फायदा सगळ्या शहराला होतो, त्याची झळ एकाच गल्लीने का सोसावी?

यातल्या काही गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही. महापालिकेच्या गाळ्यांचे भाडे कामाच्या काळापुरते कमी करता येते. काम सलग न करता टप्प्याने करून एक बाजू खुली ठेवता येते. दिवाळी, लग्नसराई आणि जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेच्या काळात खोदाई थांबवता येते. पत्र्यांच्या मागे झाकलेल्या दुकानांची नावे फलकावर लावता येतात. हे सारे निविदेच्या अटींत लिहिले तर ठेकेदाराला पाळावे लागते. बैठकीत तोंडी कबूल केलेले काम सुरू झाल्यावर कोणाला आठवत नाही.

मग पुढे काय?

सोलापूरला रखडलेल्या प्रकल्पांची सवय आहे. जुना पुणे नाका आणि जुना बोरामणी नाका इथून निघणाऱ्या दोन उड्डाणपुलांची चर्चा भूसंपादनाच्या प्रश्नात वर्षानुवर्षे अडकली. होटगी रस्त्याच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, तेव्हा शहराची दोन मते सगळ्या राज्याने पाहिली. वाद वर्षानुवर्षे लांबला की कोणाचाच फायदा होत नाही. प्रवासी पडक्या शेडखाली उभे राहतात आणि दुकानदार ‘उद्या नोटीस येईल’ या भीतीने दुकानात एक रुपयाही घालत नाही.

म्हणून जागेवर मत देण्याआधी पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मागायला हवीत. काम किती महिन्यांचे आणि त्या काळात एसटी कुठून सुटणार? मूळ जागी परतण्याची तारीख कोणती आणि ती चुकली तर जबाबदार कोण? सध्याच्या गाळेधारकांची आणि फेरीवाल्यांची यादी झाली आहे का आणि नव्या इमारतीत त्यांना कोणत्या दराने जागा मिळणार? माल उतरवण्याची वेळ आणि जागा ठरली आहे का? स्थानकापासून बाजारापर्यंत पायी जाणाऱ्याला, विशेषतः रात्री उतरणाऱ्या महिलेला, उजेड, पदपथ आणि स्वच्छतागृह मिळणार का?

पहिली चार उत्तरे दुकानदाराला हवी आहेत आणि पाचवे प्रवाशाला. पण बाजारातल्या दुकानात शिरणारे गिऱ्हाईक आणि एसटीतून उतरणारा प्रवासी बहुतेक वेळा एकच माणूस असतो. त्यामुळे या पाचही प्रश्नांवर दोघांना एकाच अर्जावर सह्या करायला हरकत नसावी.